वाजली का पेटी?

मी निघाले त्या पहाटे अण्णा गाडीच्या टायरी दाबून बघत होते. गाडी शेजारच्या मळ्यातल्या बाळूकाकांची होती आणि माळशेज घाटातून मुंबईच्या विमानतळावर मला तेच सोडणार होते. टायरी ठीक होत्या, आदल्या दिवशीच आळेफाट्यावर हवा भरून आणलीय, असं काकांनी दोनदा सांगितलंही. तरी अण्णा गाडीभोवती फिरून आले, डिकी उघडून माझ्या बॅगा हलवून पाहिल्या आणि पुन्हा बंद केली. आई दारात उभी राहून एकसारखी बोलत होती. लाडू निळ्या पिशवीत आहेत, स्वेटर वरच ठेवलाय, विमानात भूक लागली तर लाजू नको, मागून घे बाई. शेवटी अण्णा माझ्याजवळ आले. म्हणाले, "पोचल्यावर तुझ्या आईला फोन कर." मग कांद्याची गाडी भरून झाली की मारतात तशी त्यांनी टपावर थाप मारली आणि बाळूकाकांनी गाडी सोडली.

मळ्याचा रस्ता संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस होता. उसात बिबट्या असतो आणि अंधार पुरता गेलेला नव्हता, म्हणून काच बंद ठेवली. त्यामुळं हात हलवायचा राहिला. डांबरी लागल्यावर ते लक्षात आलं.

आमच्या निमगाव सावात, बेल्ह्यात, नारायणगावात जे राहिले त्यांना पुढचं वाचून कदाचित नवल वाटेल. जे माझ्यासारखे बाहेर पडले, मग ते पिंपरीला गेलेले असोत नाहीतर दुबईला, त्यांना बहुतेक वाटणार नाही.

मी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहते. शहर समुद्राकाठी आहे आणि वारा बारा महिने असतो. दवाखान्यात लागणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टेस्टिंगला आहे. लाइनवरून इलेक्ट्रॉनिक बोर्ड येतात, मी ते मशीनला लावते. हिरवा दिवा लागला की बोर्ड पुढे जातो, लाल लागला की लाल ट्रेमध्ये. तो ट्रे कुणीतरी दुसऱ्या विभागात नेतं. लाल बोर्डाचं पुढं काय होतं, त्यात नेमकं काय बिघडलेलं असतं, ते मला कधी कळत नाही. घरी असताना बिघडलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांसमोर उघडली जायची. मिक्सर, टॉर्च, पाण्याची मोटर. अंगणात पोतं अंथरून सगळे भोवती बसायचे आणि प्रत्येकाला काही ना काही सुचायचं. इथं शिफ्ट संपली की मी बॅज काढते, बस पकडते, खोलीवर येऊन हीटर लावते.

आई होती तोवर फोनची एक रीत ठरलेली होती. फोन अण्णा उचलायचे, कारण तो त्यांच्या खिशात असायचा. "कशी हायस?" विचारायचे, मी "बरी आहे" म्हणायचे, की लगेच, "घे, तुझ्या आईशी बोल." मग आई अर्धा तास. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलीचं जमलं, माझं कधी जमवायचं. अण्णा मागे कुठंतरी असायचे. खाकरायचे, दाराची कडी वाजायची, त्यावरून ते आहेत हे कळायचं. इतकी वर्षं मी अण्णांशी बोलते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात आई मला त्यांच्याबद्दल सांगत होती आणि त्यांना माझ्याबद्दल.

आई कार्तिकात गेली. मेथी काढताना दम लागला म्हणून बांधावर बसली ती पुन्हा उठली नाही. मी तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नदीवर दहावा झाला. कावळा लगेच शिवला, बायका म्हणाल्या, सुखानं गेली हो. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "रड बाई, आत ठेवू नको." मी प्रयत्न केला. खरंच केला. पण माझं लक्ष समोरच्या काठावर धुणं वाळत घालणाऱ्या एका बाईकडे होतं. ती चादर झटकायची, की आवाज थोडा उशिरा यायचा. चादर आधी, आवाज मागून. मी तेच बघत बसले.

परत आले, कामावर रुजू झाले. सगळे चांगले वागले. सुपरवायझरने हवी तेवढी सुट्टी घे म्हणून सांगितलं, कुणी डब्यात केक आणून दिला. मी थँक्यू म्हणत होते, खात होते, झोपत होते. हात भाजला तेव्हा तो भाजलाय हे त्वचा लाल झालेली बघून कळलं. दुखलं असणार, पण आठवत नाही.

रविवारी सकाळी अण्णांना फोन लावायचे. तिकडे दुपार असायची.

"जेवलात?"

"व्हय. तू?"

"मी पण."

पुढं काही नाही. त्यांच्यामागे पत्र्यावर चिमण्या चालल्याचा आवाज. मग ते म्हणायचे, "ठेव मग," आणि मी ठेवायचे. दादाचा, म्हणजे माझा भाऊ संतोष याचा, चाकणहून फोन यायचा. तो तिकडे कंपनीत आहे, बायकामुलांसह तिथंच राहतो. "अण्णा मळ्यात जात न्हाईत गं," तो म्हणायचा. "खाटंवर बसून असत्यात. हितं चला म्हनलं तर उत्तरच देत न्हाईत. तू बोल जरा." मी हो म्हणायचे. काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी ती पेटी बनवायला घेतली. माझ्याबरोबर राहणारी लुआना ब्राझीलला परत जाताना तिची इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा स्पीकर माझ्याकडे ठेवून गेली होती. मला धड वाजवता येत नव्हतं, अजूनही नाही. दोन-चार कॉर्ड येतात. पण इथल्या वाद्यांच्या दुकानात सुट्या भागांची एक पिशवी टांगलेली दिसली. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये ठेवायची, पायानं दाबायची पेटी असते, ती घरी बनवण्यासाठी. दाबली की गिटारचा स्वच्छ आवाज जाड आणि खरखरीत होतो. त्या आवाजाची मला काही हौस नव्हती. सोल्डरिंग गन हातात धरून कितीतरी वर्षं झाली होती, आणि डिप्लोमाला असताना लॅबमध्ये ते मला बरं जमायचं, एवढंच डोक्यात आलं. अवसरीच्या कॉलेजात मुलींच्या बाकावर सोल्डरमधल्या रोझिनचा, म्हणजे राळेचा, वास कायम असायचा. पिशवी घेतली.

नकाशा बघून एकेक भाग लावला. रेझिस्टर, कपॅसिटर, दोन ट्रान्झिस्टर. बॅटरी जोडली, गिटार लावली. पायानं बटण दाबायच्या आधी गिटार नीट वाजत होती. बटण दाबलं, बोर्डवरचा लाल दिवा लागला आणि आवाज पूर्ण बंद झाला. खरखर नाही, घरघर नाही, काहीच नाही. पुन्हा दाबलं, गिटार परत आली. पुन्हा दाबलं, गेली.

पुढच्या रविवारी "जेवलात?" आणि "व्हय" झाल्यावर चिमण्या चालायला लागल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, मी एक पेटी बनवलीय. वाजत नाही."

"कसली पेटी?"

मी कॅमेरा फिरवून दाखवली. तारा बाहेर लोंबत होत्या.

"बेंजोवाल्यांची असती तसली का?"

आमच्याकडे लग्नाच्या वरातीत बेंजो वाजतो, त्याच्या गाडीवर अशी एक-दोन खोकी असतात. "तसलीच," मी म्हणाले.

"लाइट हाय का तिला?"

"आहे. दिवा लागतो. पण आवाज येत नाही."

अण्णा थोडं पुढं सरकले. त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता, कारण फोन कसा धरायचा ते आई सांगायची. "म्हंजे स्टार्टर उचलतोय, आन् मोटर पानी घेत न्हाई."

"तसंच."

"एखादा फेज गेला असंल."

"बॅटरीवर आहे, अण्णा. फेज नसतो."

"बरं. मंग बघ."

त्या दिवशी "ठेव मग" थोडं उशिरा आलं.

त्यानंतर दर रविवारी पहिला प्रश्न तोच. "वाजली का पेटी?" जेवणाचं विचारणं मागे पडलं. मी सांगायचे, बॅटरी मोजली, ठीक आहे. रेझिस्टरांचे रंग पुन्हा वाचले, एक चुकला होता, बदलला, तरी नाही. ट्रान्झिस्टरचे पाय उलटे तर लागले नाहीत ना ते पाहिलं, सुलटेच आहेत. अण्णा ऐकायचे आणि सल्ला द्यायचे. बहुतेक सल्ले विहिरीवरच्या मोटरीचे असायचे, त्यामुळे कामाचे नसायचे. एकदा म्हणाले, उंदरानं वायर कुरतडली असंल. मी म्हणाले, इथं उंदीर नाहीत. "न्हाईत?" त्यांना हे फार खरं वाटलं नाही. "हायेत. तुला दिसत नसत्याल."

शेवटी मी इंटरनेटवर वाचून एक उपाय केला. एका तारेच्या टोकाला छोटा कपॅसिटर जोडायचा, तारेचं दुसरं टोक स्पीकरला. पेटीच्या तोंडाशी गिटारऐवजी फोनवरचा रेडिओ लावून द्यायचा, म्हणजे आवाज सतत चालू राहतो. मग ते टोक बोर्डवर एकेका सांध्याला टेकवत पुढं जायचं. जिथंपर्यंत आवाज येतो तिथंपर्यंत सगळं ठीक, आणि जिथं थांबतो तिथं दोष. रेडिओवर एक बाई हवामान सांगत होती. पहिल्या सांध्यावर ती स्पष्ट होती. ट्रान्झिस्टरच्या पुढं तिचा आवाज मोठा आणि फाटका झाला. उत्तरेकडे जोरदार वारे, ती म्हणत होती. मी टोक पुढच्या सांध्यावर ठेवलं आणि बाई नाहीशी झाली.

त्या रविवारी हे मी अण्णांना सांगितलं, की आवाजाच्या मागं मागं जातेय, आणि साधारण कुठं तो हरवतो ते सापडलंय.

स्क्रीनवरचा अण्णांचा अर्धा चेहरा हललाच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"म्हंजे तुझ्या आईनं केलं व्हतं तसं," ते म्हणाले.

आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. दहाव्याला सुद्धा 'ती' म्हणत होते.

"काय केलं होतं?"

"तू ल्हान व्हतीस. मोटर चालू, आन् पाटात पानी न्हाई. मी स्टार्टर खोलला. मानसं बोलवली, मोटर हिरीतनं वर काढली. लई तमाशा केला. ती म्हनली, जरा थांबा की. आन् हिरीपासनं पायपाच्या कडंकडंनं चालत गेली. उसात शिरली. मी वरडतोय, आगं वाघ असंल, म्हागं ये. आयकती व्हय! मदल्या सरीत तिच्या पायाला गार लागलं. पाइप निसटला व्हता तितं. म्हंग तितूनच हाका मारायला लागली. आवो, हितं या, हितं हाय, हितं हाय पानी."

"हितं हाय म्हनत व्हती," असं ते पुन्हा म्हणाले. मग फोन खाली ठेवला गेला आणि माझ्या स्क्रीनवर फक्त पत्रा आणि एक वासा दिसायला लागला. आवाज येत होता. अण्णांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी तो खोकलाच वाटला.

मी पत्र्याकडे बघत राहिले. एका जागी पत्र्याला भोक होतं, त्यातून ऊन येत होतं. मला रडू यावं अशी ती वेळ होती, हे मला कळत होतं. आलं नाही. मी टेबलाच्या कडेला हात दाबून धरला होता आणि थांबले होते, बस थांब्यावर थांबावं तशी.

"अण्णा, पाणी प्या," मी म्हणाले.

"पितो," पत्र्याच्या खालून आवाज आला.

पेटीतला दोष दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या पायाशी होता. सोल्डर वरून चकचकीत दिसत होतं, पण आत धरलंच नव्हतं. तिथं पुन्हा गरम केलं आणि गिटार अशी गरजली की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. बोर्ड ॲल्युमिनियमच्या पेटीत बसवला, स्क्रू आवळले, बटण दाबलं. पुन्हा शांत.

त्याच आठवड्यात अण्णा विहिरीपाशी चक्कर येऊन पडले. फार लागलं नाही. बाळूकाकांनी उचलून घरी आणलं, दादा दुपारपर्यंत पोचला. त्यानं मला फोन लावून तो अण्णांच्या हातात दिला. "हिचं तरी आयका."

अण्णांनी मला विचारलं, "काय करू? जाऊ का चाकनला?"

आमच्या घरात कुठलाही निर्णय त्यांनी मला विचारून घेतल्याचं आठवत नाही. मी म्हणाले, "जा, अण्णा."

"बरं," ते म्हणाले.

म्हैस बाळूकाकांकडे गेली. कांदा साठवायची चाळ रिकामीच होती. दादानं व्हिडिओवर दाखवलं, अण्णा कडी घालताना, कुलूप लावताना, ते ओढून बघताना. मी कारखान्याच्या ब्रेक रूममध्ये उभी होते, हातात कॉफी. कुणीतरी मागून मायक्रोवेव्ह उघडला. अण्णा पायरी उतरले, चिखल नव्हता तरी त्यांनी चप्पल पायरीवर घासली आणि गाडीत बसले. मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल आत. ब्रेक संपला, मी लाइनवर गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी फोन लावायच्या आधी तोच वाजला. अण्णांनी स्वतःहून लावला होता. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मागे दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या, त्यांवर वाळत घातलेले कपडे, कुठंतरी कंटेनरचा हॉर्न.

"वाजली का पेटी?"

मी सांगितलं. बाहेर वाजते, आत घातली की बंद.

"भायेर चालती, आत बंद," ते म्हणाले. मी बोर्ड उलटा करून बघतच होते. आवाज कमी-जास्त करायच्या गोल बटणाचा मागचा भाग बोर्डाला अगदी चिकटून बसत होता.

"बॉडीला लागतंय कुटंतरी," अण्णा म्हणाले, आणि मी त्याच क्षणी "मागून टेकतंय" म्हणाले. ते हसले. फार नाही, नाकातून. मी फोन उभा करून ठेवला, त्या गोल बटणाच्या मागे काळी टेप लावली, पेटी बंद केली आणि गिटार जोडली. अण्णा बघत होते. बटण दाबलं. खिडकीची काच थरथरली.

"आलं का?" मी ओरडून विचारलं.

"काय?"

"आवाज!"

"न्हाई येत काय."

फोनला तो आवाज म्हणजे गोंगाट वाटत होता आणि तो गाळून टाकत होता. माझे हात हलताना अण्णांना दिसत होते, बाकी शांतता. शेवटी मी रेकॉर्ड करून पाठवला. दादाच्या मुलीनं तो त्यांना उघडून दिला. अण्णांनी फोन कानाला लावून पूर्ण ऐकला.

"गिरनीवानी हाय," ते म्हणाले. "मिरची दळायला घातल्यावर व्हतो तसा."

"हो."

"तुझ्या आईनं बंद करायला लावला असता."

मला हसू आलं. हसताना ते घशात कुठंतरी अडकलं, थोडं दुखलं, आणि मला बरं वाटलं की दुखलं.

गॅलरीच्या गजांवर त्यांनी हात ठेवला होता. तो हात नुसता ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता, त्यात नेहमी काहीतरी असायचं.

"शुभे," ते म्हणाले, "तिकडं गेल्यावर पयल्यापयल्यांदा तुला कसं वाटायचं गं?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. थंडी किती असते, खायला काय मिळतं, खोली केवढी आहे, लग्नाचं काय, हे सगळं विचारून झालं होतं.

"काहीच वाटायचं नाही, अण्णा," मी म्हणाले. "दिसायचं सगळं, ऐकू यायचं, काम व्हायचं. पण वाटायचं काही नाही. मग हळूहळू जरा कमी झालं. आई गेल्यावर परत तसंच झालं."

"आजून हाय?"

"आहे."

त्यांनी मान हलवली. खूप दिवस दुखणाऱ्या जागेवर कुणीतरी नेमकं बोट ठेवावं तसा त्यांचा चेहरा झाला. "मंग बराबर," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच काय झालंय. संतोषला सांगावं तर त्यो डाक्टरकडं न्हील."

निमगाव सावाचं घर बंद आहे. बाळूकाका अधूनमधून उघडतात, जाळी-जळमटं काढतात. चाकणचा फ्लॅट दादाचा आहे, गॉलवेची खोली मालकिणीची. कुणी विचारलं तर मी गाव निमगाव सावाच सांगते. अण्णाही सोसायटीच्या बाकावर तेच सांगत असणार. पण त्या दिवशी गॅलरी आणि माझं टेबल यांच्यामध्ये जे होतं, त्याला मी मनातल्या मनात घर म्हणाले. त्याला दुसरा शब्द मला सुचला नाही. तिथं आई नव्हती. आम्ही दोघं होतो, दोघंही बधिर, आणि ते एकमेकांना माहीत होतं.

आतून वहिनीनं जेवायला हाक मारली. मी फोन ठेवायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे चालू," अण्णा म्हणाले. त्यांनी फोन आत नेला, भिंतीला टेकवून ठेवला आणि ताटावर बसले. भाकरी मोडताना त्यांनी एकदा वर बघितलं, मी आहे का ते. मी उठून चहा ठेवला, पाव भाजायला लावला आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.